सातबाऱ्यावर घरच्या लक्ष्मीचं नाव

(जालना जिल्हा मेळाव्यात केलेलं भाषण)



आज मंडपात बाया डावीकडे आणि पुरुष उजवीकडे बसलेत. संख्या जवळपास सारखी दिसते, आणि हे चांगलं झालं. पण मघाशी दारावर आम्ही नावं लिहून घेत होतो. नाव, गाव, जमीन किती एकर, असे तीन रकाने होते. पुरुष आले आणि त्यांनी तिन्ही रकाने भरले. बाया आल्या. नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि तिसऱ्या रकान्यावर थांबल्या. एक जण म्हणाली, "जमीन मालकाची हाय, माझी कुठली?" तिच्या हाताला कापसाच्या बोंडाचे ओरखडे होते. वेचणी अर्धी टाकून ती मेळाव्याला आली होती.

आज बोलायचं आहे ते त्या रिकाम्या रकान्याबद्दल.

आपली चळवळ हिशोबाची आहे. शेतमालाला भाव का मिळत नाही, हे आपण हिशोब मांडूनच शिकलो. मग आज घरचा हिशोब मांडू. खिशात कागद असेल तर काढा, नसेल तर बोटावर मोजा.

तीन एकर कोरडवाहू कापूस धरा. जालना, बदनापूर, भोकरदन, मंठा, कुठलंही रान घ्या. एकरी सरकी टोबायला तीन बाया लागतात. खुरपण्या किमान दोन, आणि एका खुरपणीला आठ बाया. रोज २५० रुपये धरू. तुमच्या गावी जास्त असेल तर जास्त धरा. टोबणीचे ७५० आणि खुरपणीचे ४,००० झाले. आता वेचणी. पाऊस बरा झाला आणि एकरी सहा क्विंटल आला, तर किलोला दहा रुपयांनी ६,००० रुपये. एकरी एकूण १०,७५० आणि तीन एकराचे ३२,२५०. यातलं निम्मं काम घरच्या दोन बायांनी केलं असेल तर त्याचे १६,१२५ रुपये होतात.

यात ज्वारी आलेली नाही. तिफणीमागं सरतं धरून चालणं, कणसं खुडणं, कडब्याच्या पेंढ्या बांधणं धरलेलं नाही. म्हशीचं शेण, लांबचं पाणी, चुलीचं जळण म्हणून वाहून आणलेली पऱ्हाटी, हेही धरलेलं नाही. फक्त कापसाचं काम, तेही निम्मं, आणि तरी सोळा हजार. केंद्र सरकार २०१९ पासून शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये देतं आणि त्याचे फलक गावोगाव लागतात. घरची बाई त्याच्या अडीचपटीहून जास्त देते आणि तिचा फलक कुठेच लागत नाही.

आता दुसरा हिशोब सरकारचा पाहा. हमीभाव ठरवताना कृषिमूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो. बी, खत, औषध, मजुरी असा रोखीचा खर्च एका ओळीत येतो, त्याला ए-टू म्हणतात. त्यावर घरच्या माणसांच्या कष्टाची मजुरी धरतात, ती एफ-एल. जमिनीचा खंड आणि भांडवलाचं व्याज त्यात मिळवलं की सी-टू होतो. आपलं आणि सरकारचं भांडण इथंच आहे. स्वामिनाथन आयोगाच्या शिफारशीचं नाव घेत आपण सी-टूवर पन्नास टक्के मागतो. सरकारने २०१८ साली दीडपट भाव जाहीर केला तो ए-टू अधिक एफ-एलवर. खंड आणि व्याज गिळून टाकलं. हे आपण शंभर सभांत सांगितलंय.

पण त्या एफ-एलच्या ओळीत कोण आहे, हे आपण किती सभांत सांगितलं? कापसाच्या एफ-एलमध्ये मोठा वाटा बाईच्या हाताचा आहे. आणि बाईचा रोज पुरुषापेक्षा कमी, म्हणून तिच्या कामाची किंमतही कमी धरली जाते. म्हणजे बाईची मजुरी कमी, तर उत्पादनखर्च कमी आणि हमीभावही कमी. बाईला स्वस्त ठेवण्यात आपलाही तोटा आहे, भावांनो. सरकारच्या हिशोबात, तुटपुंजी का असेना, घरच्या मजुरीची एक ओळ तरी आहे. आपल्या घरच्या हिशोबात ती ओळसुद्धा नाही.

हे काही आम्ही आज पहिल्यांदा बोलतो असं नाही. १९८६ च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरलं. चांदवड म्हणजे अहिल्याबाई होळकरांच्या रंगमहालाचं गाव. लाखाच्या घरात बाया जमल्या होत्या. लेकरं काखेत, भाकरी फडक्यात, अशा आल्या होत्या. शरद जोशींनी तिथं मांडलं की बाईची गुलामी आणि शेतीची लूट हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. शेतीतली बचत लुटून नेण्याची रीत पडली तेव्हापासून गावाची घडी बिघडली, आणि त्यात सगळ्यात जास्त चेपली गेली ती बाई. चांदवडनं आणखी एक ठरवलं, पंचायत राज्याच्या निवडणुकांत बायांनीच उभं राहायचं. तेव्हा लोक हसले. १९८९ साली जळगाव जिल्ह्यातल्या विटनेर गावात ग्रामपंचायत पूर्ण बायांची झाली. राज्यघटनेत एकतृतीयांश आरक्षण आलं ते १९९३ साली, त्यानंतर. आपल्या राज्यात निम्म्या जागा झाल्या २०११ साली. शेतकऱ्याच्या बाया कायद्याच्या पुढे चालत होत्या, हे विसरू नका.

त्याच सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला. जोशींचं म्हणणं साधं होतं. सरकार आपलं देणं देत नाही म्हणून आपण रस्त्यावर उतरतो. मग आपल्या घरात जिचं देणं थकलंय तिचं काय? नवऱ्यानं राजीखुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. गावातल्या शंभर घरांनी असं केलं की ते लक्ष्मीमुक्तीचं गाव, आणि त्या गावाला शरद जोशी स्वतः जायचे. शेकडो गावांत हे झालं. मोर्चा नाही, कोर्ट नाही, हातघाई नाही. पुरुषांनी आपल्या हातानं सही केली. १९९२ साली राज्य सरकारलाही परिपत्रक काढावं लागलं की नवऱ्यानं अर्ज केला तर बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहधारक म्हणून लावावं. सरकारी कागदावर योजनेचं नाव आलं तेही लक्ष्मीमुक्तीच. शेतकऱ्यांच्या चळवळीनं दिलेला शब्द महसूल खात्याला उचलावा लागला.

आता खरं तेही बोलू. हे काम अर्धवट राहिलं, आणि दोष निव्वळ सरकारचा नाही. गावोगाव फिरताना आम्ही पाहिलं की कुठं अर्ज दिला पण फेरफार झालाच नाही. कुठं काळी जमीन स्वतःला ठेवून टेकाडावरचा बरड तुकडा बायकोच्या नावावर केला. कुठं नाव लागलं, पण त्या बाईला तीस वर्षांत कुणी सांगितलंच नाही की तुझं नाव लागलंय. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या शंभर वहितीधारकांत बाया होत्या जेमतेम चौदा. आणि खेड्यातल्या कामकरी बायांपैकी चारांतल्या तिघी शेतीतच राबतात. राबायला तीन हिस्से आणि नावावर सातवा हिस्साही नाही.

कुणी म्हणेल, घरात सगळं गोडीत चाललंय, कागदाचं काय घेऊन बसलात? कागदाची किंमत आपत्तीत कळते.

मंठा तालुक्यातल्या एका गावची बहीण आहे. तिचं नाव सांगत नाही, तिनं तशी विनंती केली आहे. नवऱ्यानं औषध पिऊन जीव दिला. लेकरं दोन. जमीन सासऱ्याच्या नावावर, सासरे थकलेले, कारभार दिराकडे. नांगरट सोडली तर सगळं तीच करते. पण पीकविमा सासऱ्याच्या नावानं येतो. गारपिटीचा पंचनामा सासऱ्याच्या नावानं होतो. पीककर्ज तिला मिळत नाही, कारण सातबारा नाही. कापूस खरेदी केंद्रावर न्यायचा तर सातबारा लागतो, म्हणून तो दिराच्या गाडीत जातो. ती आम्हाला म्हणाली, "माझ्या हातानं वेचलेला कापूस, अन् पट्टी दिराच्या नावाची. देतो तो मला, नाही म्हणत नाही. पण देतो म्हणजे त्यानं द्यायचं अन् मी घ्यायचं." दीर वाईट नाही. तरीही ही बाई स्वतःच्या कष्टाच्या पैशासाठी दुसऱ्याच्या दारात उभी आहे.

ती एकटी नाही. महिला किसान अधिकार मंचानं २०१८ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त घरांतल्या ५०५ बायांची पाहणी केली. त्यातल्या चाळीस टक्के बायांना त्या कसत असलेल्या जमिनीचा हक्क मिळालेला नव्हता. नवरा गेला, कर्ज राहिलं, लेकरं राहिली, काम राहिलं, आणि जमीन तेवढी राहिली नाही. २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. जिचं नाव नोंदीत नाही ती यापुढे सरकारच्या यंत्रात शेतकरी म्हणून दिसणारसुद्धा नाही.

आणखी एक गोष्ट पाहा. गावोगाव बचतगट झाले आणि बाया बँकेत जाऊ लागल्या, सही करू लागल्या. हे मोठं काम झालं. पण त्यामागून आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज देणारे आले. ते कर्ज बाईच्या नावावर देतात. त्या पैशानं कधी खत येतं, कधी मुलीचं लग्न होतं, कधी नवऱ्याचं दुखणं निघतं. म्हणजे कर्ज बाईच्या नावावर आणि जमीन पुरुषाच्या नावावर. हप्ता मागायला माणूस येतो तो तिच्या दारात. देणं तिचं आणि येणं त्याचं, असा व्यवहार व्यापाऱ्यानं आपल्याशी केला असता तर आपण त्याला लुटारू म्हटलं असतं.

उसाच्या तोडीला जाणाऱ्यांचंही तेच. अंबड, घनसावंगी, परतूरकडून टोळ्या जातात. नवराबायको मिळून एक कोयता. उचल कोयत्याला मिळते, पण मोजून घेतो नवरा. बाई पहाटे तीनला उठून भाकरी थापते, दिवसभर मोळ्या वाहते, आणि हिशोबाच्या वहीत तिचं नाव नसतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीनं तपासलं, तेव्हा ऊसतोडीला जाणाऱ्या तेरा हजारांहून जास्त बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसात खाडा पडतो, खाड्याला दंड बसतो. कोयत्यात जिला अर्धी माणूस धरलं, तिच्या शरीराची ही किंमत.

आपल्याच भागात उलटा अनुभवही आहे. १९७२ च्या दुष्काळात लाखो बाया खडी फोडायला आणि तलावाच्या मातीकामाला गेल्या. पुढं त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा झाला. काम मोजून दाम, बाई असो की पुरुष. कित्येकींनी स्वतःच्या हातात मजुरी तेव्हा पहिल्यांदा घेतली. त्या काळातल्या म्हाताऱ्या बाया आजही सांगतात की त्या पैशातून लेकरांना दवाखाना झाला, शाळेची पाटी आली. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे महिन्याला १,५०० रुपये बायांच्या खात्यात आले, तेव्हाही आम्ही विचारलं की गेले कुठं? फी, औषध, किराणा, एखादी शेळी. बाईच्या हातातला पैसा घराबाहेर फारसा जात नाही. पण आपण चळवळीची माणसं आहोत, म्हणून आपली जुनी गोष्ट इथंही लागू करू. भीक वेगळी आणि घामाचं दाम वेगळं. सरकारनं भावाला दिलेलं अनुदान हे भाव पाडल्याचं प्रायश्चित्त असेल, तर बहिणीला दिलेले दीड हजार ही तिच्या हक्काची भरपाई होत नाही. तिचा हक्क जमिनीत आहे.

आता तुमच्या मनातल्या शंका घेऊ. चावडीवर ज्या ऐकतो त्याच सांगतो.

एक म्हणतो, "आमच्यात भेद नाही, माझं ते तिचंच आहे." फार छान. मग ते लिहून ठेवायला अडचण काय? सावकारानं "तुमचंच घर आहे" म्हटलं तरी आपण पावती मागतोच.

दुसरा म्हणतो, "नावावर केली आणि ती सोडून गेली तर?" भावा, वयाच्या अठराव्या वर्षी आईबाप, घर, गाव सोडून ती तुझ्याकडे आली, तेव्हा तिनं तुझ्याकडे काय तारण मागितलं होतं? आणि जमीन घालवली कुणी, हे गावात फिरून मोजा. दारूपायी, पत्त्यांपायी, लग्नाच्या बडेजावापायी विकलेल्या जमिनींच्या खरेदीखतावर सह्या कुणाच्या आहेत? दोन नावं असली तर विकताना दोन सह्या लागतात. तेवढाच घराला एक आडणा.

तिसरा म्हणतो, "जमिनीचे तुकडे पडतील." सहधारक म्हणून नाव लागलं तर बांध पडत नाही. वावर एकच राहतं, नावं दोन होतात.

आणि एक शंका बायांकडून आली. भोकरदन तालुक्यातल्या बैठकीत एक म्हातारी म्हणाली, "शेती तोट्याची. तिच्यात अर्धा वाटा म्हंजी अर्धा तोटा माझ्या पदरात. मला कशाला?" हा प्रश्न खरा आहे आणि तो टाळायचा नाही. भाव मिळाल्याशिवाय सातबारा पोट भरत नाही. २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली, तेव्हा नावाची आणि बिननावाची सारखीच पोळली. पण आजी, तोटा तर आजही तुझ्याच पदरात आहे. घरात कमी पडलं की आधी तुझ्या ताटातली भाकरी कमी होते. तोटा आहेच, तर बोलण्याचा हक्क तरी घे. कोणतं बियाणं घ्यायचं, दोन ओळी तूर आणि चार ओळी ज्वारी घरच्यासाठी ठेवायची का, कर्ज किती काढायचं, हे ठरवताना तुझा आवाज लागला पाहिजे. सगळं वावर कापसाखाली गेलं आणि घरची ज्वारी विकत आणायची वेळ आली, तेव्हा तुला विचारलं होतं का? आणि भावाच्या लढाईत ज्यांच्या नावावर जमीन आहे अशा बाया उतरल्या, तर सरकारला शेतकऱ्यांची संख्या दुप्पट मोजावी लागेल.

यवतमाळ जिल्ह्यात रावेरीला सीतेचं देऊळ आहे. लोक सांगतात, वनवासात टाकलेली सीता लेकरांसाठी पसाभर गहू मागायला गावात गेली. गावानं दिला नाही. तिनं शाप दिला आणि त्या शिवारात गहू पिकेनासा झाला. त्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी शरद जोशींनी पुढाकार घेतला, तो देवभोळेपणानं नव्हे. राज्य रामाचं आणि सीतेच्या नावावर पसाभर दाणेही नाहीत, ही गोष्ट आपल्या घरोघरची आहे. ज्या शिवारात बाईला मागावं लागतं तिथं पिकाला बरकत नसते, एवढाच त्याचा अर्थ.

आता कामाचं बोलतो. घरी गेल्यावर काय करायचं ते नीट ऐका.

पहिलं. आपला सातबारा आणि आठ-अ काढा आणि नवराबायकोनं मिळून मोठ्यानं वाचा. नाव कुणाचं, बोजा कुणाचा, इतर हक्कात काय, सगळं वाचा. जिला वाचता येत नाही तिला लेकीनं वाचून दाखवावं.

दुसरं. ज्याला करायचं आहे त्यानं नवऱ्याचा अर्ज तलाठ्याकडे द्यावा. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. १९९२ चं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक दाखवा. अर्जाची पोच घ्या. फेरफार नोंद झाली का, पंधरा दिवसांची नोटीस निघाली का, मंडळ अधिकाऱ्यानं नोंद मंजूर केली का, हे विचारत राहा. नवा सातबारा हातात पडेपर्यंत काम झालं असं समजू नका. वाटणी करायची असेल तर जमीन महसूल संहितेचं कलम ८५ आहे, तहसीलदाराकडे सगळ्यांच्या संमतीनं अर्ज करा. बक्षीसपत्र करायचं असेल तर बायको किंवा लेकीला शेतजमीन देताना मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे; त्यावरचा अधिभार आणि नोंदणीचा खर्च आधी विचारून घ्या. जमिनीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेशीही बोला.

तिसरं. नवरा गेला असेल तर बायको ही कायद्यानं पहिल्या वर्गाची वारस आहे, १९५६ पासून. गावात अशी बहीण असेल तर वारस नोंदीसाठी दोन कार्यकर्त्यांनी तिच्याबरोबर जायचं. एकटीला पाठवायचं नाही.

चौथं. लेकीचं. आपल्या राज्यात १९९४ साली आणि देशात २००५ साली लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. २००५ ला बाप हयात नसला तरी तो हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. पण आपण काय करतो? दिवाळीला बहिणीला बोलावतो, साडी नेसवतो आणि हक्कसोडपत्रावर सही घेतो. बहीण माहेर तुटेल या भीतीनं सही करते. भावाच्या हातची साडी बहिणीला गोड लागते, पण तिची किंमत दोन एकर नसते. तिनं हक्क सोडायचा असेल तर समजून, कागद वाचून आणि मनापासून सोडावा. नाही सोडला तर तिचं माहेर तुटायचं नाही, हा शब्द आज इथं भावांनी द्यावा.

यातलं एकही काम मुंबई-दिल्लीच्या परवानगीवर अडलेलं नाही. हमीभावासाठी आपल्याला सरकारशी भांडावं लागतं. कर्जासाठी बँकेशी आणि मापासाठी व्यापाऱ्याशी भांडावं लागतं. हे मात्र आपल्या हातात आहे. जी लूट थांबवायला फक्त आपली सही लागते ती आपण थांबवली नाही, तर दुसऱ्यांना लुटारू म्हणण्याचं आपलं तोंड राहत नाही.

पुढच्या जिल्हा मेळाव्याला दारावर पुन्हा तेच तीन रकाने असतील. नाव, गाव, जमीन किती. ज्या बाईनं आज तिसऱ्या रकान्यावर हात थांबवला तिला आम्ही पुढच्या वेळी शोधणार आहोत. तिनं तिथं आकडा लिहावा. एक एकर असो, अर्धा एकर असो, वीस गुंठे असोत. ज्या गावातून असे शंभर आकडे येतील त्या गावाला आम्ही भाकरी बांधून पायी येऊ.

एवढं बोलून थांबतो. वेचणी राहिली आहे, सगळ्यांनाच उजेडी घरी पोचायचं आहे.